बडोद्यात नव्याने आलात? गाडी सुरू करण्याआधी फोनचं एवढं करून घ्या

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा सांगलीहून बडोद्याला आला. नोकरी मकरपुरा जीआयडीसीत, राहायला आमच्याकडे दांडिया बाजारात. वडिलांच्या नावावरची स्कूटर त्याने मागाहून ट्रान्सपोर्टने आणवून घेतली. तीन आठवडेही झाले नसतील, तोच सांगलीहून भाऊजींचा फोन आला. "पोरगा तिकडे काय उद्योग करतोय? मला इथे दंडाचा मेसेज आलाय, गुजरातचा."

मी सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला आणि फोटो उघडला. कालाघोड्याचा चौक, सकाळचे सव्वानऊ. हेल्मेट डोक्यावर, पट्टा नीट लावलेला, उजवा हात ॲक्सिलरेटरवर. डावा हात छातीपुढे, त्यात फोन, आणि मान खाली. पुढच्या रिक्षाचा मागचा लाल दिवा पेटलेला. म्हणजे रिक्षावाला ब्रेक दाबतोय आणि आमचा मुलगा स्क्रीनकडे बघतोय. दंडाचं मला काही वाटलं नाही. तो लाल दिवा बघून मात्र पोटात गोळा आला.

"मावशी, मी बोलत नव्हतो गं, मॅप बघत होतो," तो म्हणाला.

तो खरंच बोलत नव्हता आणि त्याला खरंच वाटत होतं की मॅप चालतो. म्हणून हे सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. विद्यापीठात शिकायला येणारी मुलं, बदलीवर येणारे बँकवाले, लग्न होऊन आलेल्या मुली, डिलिव्हरीचं काम धरणारी पोरं, सगळ्यांचा पहिल्या महिन्यात हाच गोंधळ होतो.

कायद्यात नेमकं काय आहे

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम १८४ धोकादायक रीतीने गाडी चालवण्याबद्दल आहे. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलं गेलं. लाल सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने जाणं, चुकीचं ओव्हरटेक करणं, यांच्या रांगेतच गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं येऊन बसलं. त्याआधी यावर बराच वाद होता. केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं होतं की तिथल्या पोलीस कायद्याखाली, लोकांच्या सुरक्षिततेला धोका झाल्याशिवाय, गाडी चालवताना नुसतं फोनवर बोलणं हा गुन्हा ठरत नाही. त्या निकालाचे मेसेज आजही व्हॉट्सॲपवर फिरतात. कोणी दाखवला तर सांगा, तो निकाल त्या राज्याच्या वेगळ्या कायद्यावरचा आणि दुरुस्तीच्या आधीचा आहे.

या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं कोर्टापर्यंत जात नाहीत, कारण राज्य सरकार तडजोडीची रक्कम ठरवून देतं आणि ती भरली की विषय मिटतो. गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्ये ही रक्कम मोबाईलसाठी पहिल्यांदा ५०० आणि दुसऱ्यांदा १,००० रुपये अशी ठेवली. प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा असतो. त्यामुळे पुण्यात मित्राला किती बसला यावरून इथला हिशेब करू नका.

पाचशे रुपये ऐकून लोक निवांत होतात. पण याच कायद्याच्या कलम २०६ नुसार, १८४ चा गुन्हा केल्याचं दिसलं तर पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. आरटीओ तुमचं म्हणणं ऐकून घेतं आणि पटलं नाही तर पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी लायसन्स बंद करतं. रोज मकरपुऱ्याला जाणाऱ्याचे तीन महिने म्हणजे काय, त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच होऊ शकतं.

आणि फोनच्या नादात कोणाचा जीव गेला, तर प्रकरण वाहतूक कायद्यापुरतं राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंडसंहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती. अपघात नेमका किती वाजता झाला आणि त्या मिनिटाला तुमच्या नंबरवर कॉल चालू होता का, हे मोबाईल कंपनीच्या नोंदीतून निघतं.

मॅपचं काय?

१ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. हातातलं उपकरण गाडी चालवताना फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल, आणि तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. लोकांना यातला पहिला अर्धा भाग पाठ असतो. भाच्यालाही होता. एका हाताने स्कूटर सांभाळायची, दुसऱ्या हातात फोन धरून मान खाली घालायची, हे दुसऱ्या अर्ध्या भागात कसं बसेल? फोन स्टँडवर हवा, रस्ता निघण्याआधी टाकलेला हवा, आणि पुढचं वळण कानाने ऐकायचं. चालता चालता पत्ता टाइप करणं मॅपच्या सवलतीत येत नाही. मॅप चालू असताना वरून आलेला मेसेज वाचणं तर नाहीच नाही.

कॅमेऱ्याला यातला फरक कळत नाही, हेही लक्षात घ्या. फोटोत हात दिसतो आणि फोन दिसतो. तुम्ही मॅप बघत होता की रील, हे फोटो सांगत नाही.

हँड्सफ्री आणि ब्लूटूथ

इथे सगळ्यात जास्त घोळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कलम १८४ च्या स्पष्टीकरणात शब्द 'हातात धरायचं साधन' असा आहे. म्हणून कारच्या स्पीकरवर, फोनला हात न लावता बोलणं त्या ओळीत थेट बसत नाही. पण त्याच स्पष्टीकरणात शेवटी आणखी एक गोष्ट आहे. सक्षम आणि सावध चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फार खाली जाईल अशा कोणत्याही रीतीने गाडी चालवणंही धोकादायकच मानलं जातं. हँड्सफ्रीवर भांडता भांडता गाडी डावीउजवीकडे झोकांड्या खात गेली, तर 'माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते' हे उत्तर पुरत नाही.

इअरफोनचं आणखी वेगळं. दुचाकीवर दोन्ही कानांत बोंडं घातलेली दिसली की पोलीस थांबवतात, मग तुम्ही गाणी ऐकत असा नाहीतर मॅप. हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणाऱ्यांनाही तेच. हातात नाही, कानाशी अडकवलाय, असा वाद घालणारे मी रावपुऱ्यात उभ्या उभ्या पाहिले आहेत. तो वाद रस्त्यावर कोणी जिंकत नाही. आणि फोन निसटायला लागला की हात हँडलवरून सुटतोच.

कायद्यापलीकडचं एक सांगते. १९९७ साली कॅनडातल्या टोरांटोत ६९९ चालकांचा अभ्यास झाला. सगळे अपघात झालेले, सगळ्यांकडे फोन. त्यांची बिलं काढून अपघाताच्या आधीची मिनिटं तपासली. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हातात न धरता बोलणाऱ्यांचा धोका काही कमी दिसला नाही. मला हे पटायला वेळ लागला. मग एकदा कारच्या स्पीकरवर बहिणीशी घरातल्या एका वाटणीच्या विषयावर बोलत कारेलीबागेतून अकोट्याला गेले. गाडी लावली तेव्हा मधला रस्ता आठवेना. अलकापुरीच्या गरनाळ्यातून (रेल्वेखालच्या बोगद्यातून) आले की जेतलपूरच्या पुलावरून, तेही सांगता आलं नसतं. हात स्टिअरिंगवर होते, डोळे रस्त्यावर होते, मी मात्र सांगलीच्या माजघरात होते.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं निराळं. समोर म्हैस आली की तोही गप्प होतो. फोनवरच्या माणसाला म्हैस दिसत नाही.

म्हणून माझ्यापुरता नियम असा. स्पीकरवर फक्त दोन वाक्यांचं बोलणं: "गाडी चालवतेय. पोचल्यावर करते." पैशाचं, आजारपणाचं, ऑफिसातल्या कटकटीचं बोलणं गाडी बंद करून.

आता क्रमाने काय करायचं

पहिलं काम घरात, चप्पल घालण्याआधी. फोनमध्ये ड्रायव्हिंगचा मोड असतो. आयफोनमध्ये तो 'फोकस' या सेटिंगखाली मिळतो, अँड्रॉइडमध्ये कंपनीप्रमाणे वेगवेगळ्या जागी, सेटिंगच्या शोधपट्टीत 'ड्रायव्हिंग' टाइप केलं की बहुधा सापडतो. तो चालू करा म्हणजे गाडी चालू असताना मेसेज दिसत नाहीत. काही फोन समोरच्याला आपोआप उत्तरही पाठवतात. ते उत्तर मराठीत लिहून ठेवा: गाडीवर आहे, पोचल्यावर फोन करतो. आई-वडिलांचा कॉल मात्र मोडमध्येही वाजू द्यावा, नाहीतर ते घाबरतात आणि मग दहा वेळा लावतात.

आई-वडिलांनाही सांगून ठेवा. माझ्या बहिणीला रोज बरोबर साडेआठला भाच्याची आठवण यायची. डबा घेतलास का, पाऊस आहे का. तो त्या वेळी मांजलपूरच्या गर्दीत असायचा. आम्ही वेळ बदलून सव्वाआठ केली, तो जिना उतरायच्या आधीची. या एका बदलाने जे साधलं ते कुठल्या स्टँडने साधलं नसतं.

दुसरं काम, मॅप. घरातच पत्ता टाका, 'सुरू करा' दाबा, आवाज चालू आहे ना बघा. मग एकदा संपूर्ण रस्ता नजरेखालून घाला. बडोद्यात हे सोपं आहे, कारण इथले रस्ते सर्कल आणि चोकडीने, म्हणजे चौकाने, ओळखले जातात. निघताना तोंडाने म्हणायचं: कालाघोडा, फतेगंज, मग निजामपुरा. जुन्या शहरात, मांडवी, लहरीपुरा, पाणीगेट या बाजूला, मॅप कधीकधी पोळीतल्या, म्हणजे जुन्या दाट वस्तीतल्या, अशा गल्लीत घालतो की जिथे समोरून स्कूटर आली तरी अडकायला होतं. तिथे मॅपपेक्षा पानवाल्याला विचारलेलं बरं. थांबून "काका, न्यायमंदिर कई बाजू?" एवढं गुजराती सगळ्यांना जमतं, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यात समोरचा मराठीतच उत्तर देण्याची शक्यता बरीच आहे.

तिसरं, फोन ठेवायचा कुठे. कारमध्ये स्टँड डॅशबोर्डवर खाली किंवा एसीच्या जाळीवर लावा. काचेच्या मधोमध लावला तर नेमका तिथेच, फोनमागे, रस्ता ओलांडणारा माणूस लपतो. एअरबॅग जिथून फुटते त्या झाकणावरही लावू नका. एअरबॅग फुटली तर फोन तोंडावर येतो. मांडीवर, सीटवर, कप ठेवायच्या खाचेत ठेवलेला फोन पहिल्या ब्रेकला पायाखाली जातो, आणि तो उचलायला वाकलेला माणूस रस्ता बघत नाही.

दुचाकीवर मी स्टँडच्या विरोधात आहे. रोजच्या ओळखीच्या रस्त्याला फोन सीटखालच्या डिकीत टाका. नव्या ठिकाणी जायचं असेल आणि स्टँड हवाच असेल तर घट्ट चार कोपरे धरणारा घ्या आणि पावसात वरून पिशवी लावा. कंपनाने फोनचा कॅमेरा बिघडतो, ही अफवा नाही. मोटारसायकलच्या जोरदार कंपनांबद्दल ॲपलने स्वतः २०२१ मध्ये ग्राहकांना सावध केलं होतं.

डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलांना डिकीचा सल्ला देऊन उपयोग नाही, मला कळतं. त्यांची ऑर्डर स्क्रीनवरच येते आणि सेकंद मोजत असते. तरीही ऑर्डर घेणं, ग्राहकाला फोन लावणं, फोटो काढणं, ही तिन्ही कामं चाक थांबल्यावरच करा. ऑर्डर हातची गेली तर तीस-चाळीस रुपये जातात. आमच्या इमारतीत जेवण घेऊन येणारा एक मुलगा मनगटाला प्लास्टर घालून महिनाभर घरी बसला होता. तेव्हा कंपनीकडून त्याला विचारायलाही कोणी आलं नाही.

चौथं, फोन वाजला तर. पहिल्यांदा काहीच करायचं नाही. वाजू द्यायचा. तासाला ४० किलोमीटरने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. खिशातून फोन काढून नाव बघायला तीन सेकंद लागले, तर ३३ मीटर गाडी न बघता गेली. फतेगंजच्या रस्त्यावर तेवढ्यात दोन रिक्षा, एक भाजीची हातगाडी आणि शाळेतून सुटलेली मुलं येतात. अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर १०० च्या वेगाने तेच तीन सेकंद म्हणजे ८३ मीटर.

फोन घ्यायलाच हवा असेल तर डावा इंडिकेटर, आरसा, बाजूला, पूर्ण थांबा, इंजिन बंद. पेट्रोल पंपाचं आवार, सोसायटीच्या फाटकापुढची जागा, बंद दुकानासमोरची फरशी चालते. वळणावर, झेब्रा पट्ट्यांवर, बस थांब्यावर नाही. गेंडा सर्कल ते मनीषा चोकडीचा अटल पूल साडेतीन किलोमीटरचा आहे, डिसेंबर २०२२ पासून चालू. त्यावर थांबायला जागा नाही, आणि एकदा चढलात की पाच मिनिटं तरी वरच आहात. महत्त्वाचा फोन येणार असेल तर पुलाखालचा रस्ता धरा किंवा चढण्याआधी बोलून घ्या. एक्सप्रेसवेच्या कडेला फोनसाठी गाडी उभी करू नका. ती जागा बंद पडलेल्या गाडीसाठी आहे आणि मागून ट्रक येत असतात. टोलनाका किंवा हॉटेलच्या आवारापर्यंत जा.

सिग्नलला थांबल्यावर बघितलं तर? नव्वद सेकंदांचा आकडा दिसला की हात आपोआप खिशाकडे जातो, मी समजू शकते. पण इंजिन चालू, गाडी रस्त्याच्या मध्ये, म्हणजे तुम्ही गाडी चालवतच आहात असं पोलीस धरतात आणि चौकातला कॅमेराही नेमका तिथेच रोखलेला असतो. शिवाय हिरवा लागल्यावर मान वर करून थेट सुटणारा माणूस उजवीकडे बघत नाही. लाल तोडून येणारा नेहमी तिकडूनच येतो.

गणपतीत आणि नवरात्रात मागे बसलेली व्यक्ती व्हिडिओ काढते, ते चालतं. चालवणाऱ्याने एका हाताने मिरवणूक टिपायची नाही.

पोलिसाने थांबवलं तर

इथे चलनाला 'मेमो' म्हणतात. "मेमो फाड्यो" म्हणजे दंड झाला. घरी मेसेजने येतो तो ई-मेमो. "गाडी साइडमां लो" असं ऐकू आलं की बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हेल्मेट काढा आणि शांतपणे बोला. गुजराती येत नसेल तर हिंदीत बोला, चालतं. साहेब म्हणा.

चौकात दोन तऱ्हेची माणसं उभी असतात. एक वाहतूक पोलीस, दुसरे टीआरबीचे जवान, म्हणजे ट्राफिक ब्रिगेड. हे जवान मानधनावर रहदारी सांभाळायला मदत करतात. उन्हापावसात उभे राहतात, त्यांचा मान ठेवा. पण दंड घेण्याचा अधिकार त्यांना नाही. मेमो पोलिसाने करायचा.

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी कागदावर नसतील तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दाखवा. ते कायद्याने ग्राह्य आहेत. मोबाईलमधल्या गॅलरीत काढून ठेवलेला लायसन्सचा फोटो मात्र ग्राह्य नाही. डिजिलॉकर घरीच उघडून ठेवा. नव्या फोनवर ओटीपी येईपर्यंत चौकात घाम फुटतो.

मेमोवर कलम, वेळ, जागा आणि रक्कम वाचा. चूक असेल तर सही करण्याआधी सांगा. पैसे दिले तर पावती घ्या. पावतीशिवाय दिलेला पैसा दंड नसतो. लायसन्स ठेवून घेतलं तर त्याचीही पावती मागा. गुन्हा केलाच नाही असं ठाम वाटत असेल तर जागेवर भरण्याची सक्ती नाही, कोर्टात म्हणणं मांडता येतं. पण फोटोत फोन हातात असेल तर कोर्टाची फेरी घालू नका, भरून टाका.

घरी आलेला ई-मेमो

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने कॅमेऱ्यावरून होणाऱ्या दंडाचे नियम केले. त्यानुसार नोटिशीबरोबर गुन्हा आणि नंबरप्लेट दिसेल असा पुरावा, तारीख, वेळ आणि जागा असायला हवी. म्हणून आधी फोटो बघा. गाडी तुमचीच आहे ना? नंबरातला एखादा आकडा चुकीचा वाचलेला असू शकतो. तसं असेल तर त्याच साइटवर तक्रार नोंदवता येते.

साइट कशी उघडायची, हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. मेसेजमधल्या लिंकवर टिचकी मारू नका. ब्राउझरमध्ये स्वतः ई-चलन परिवहनचा पत्ता टाका. शेवटी 'गव्ह डॉट इन' असायलाच हवं. मग गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे घाला. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची फाइल आली आणि तिच्या शेवटी 'एपीके' असेल, तर ती मेमो नाही, बँक खातं रिकामं करणारं ॲप आहे. सरकार दंडासाठी असलं ॲप पाठवत नाही. चुकून टाकलंच तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० ला कळवा आणि बँकेला सांगून खातं गोठवा.

मेमो पडून राहू देऊ नका. न भरलेला मेमो पुढे व्हर्च्युअल कोर्टात जातो, आणि गाडी विकताना तो आडवा येतो.

एमएच नंबरची गाडी असेल तर

मेसेज आरसीवर नोंदलेल्या मोबाईलवर जातो. पाच वर्षांपूर्वी बंद केलेला नंबर तिथे असेल तर मेमो साठत राहतात आणि तुम्हाला पत्ता नसतो. परिवहनच्या साइटवर नंबर बदलता येतो, आधी तेवढं करा. गाडी बारा महिन्यांहून जास्त गुजरातेत ठेवायची असेल तर मूळ आरटीओची ना-हरकत घेऊन इथे नव्याने नोंदणी करावी लागते. बडोद्याचं आरटीओ दरजीपुऱ्यात आहे, शहराच्या बाहेर. सकाळी लवकर निघा.

भाच्याच्या गाडीचं हे काम मी नोव्हेंबरात काढलं होतं. म्हटलं, भाऊजी, आरसीवर तुमच्या जागी त्याचा नंबर घालू या, मेसेज थेट त्याला जातील. भाऊजी म्हणाले, नको. इथेच येऊ दे. महिना झाला की मी उघडून बघतो, काही आलेलं नसतं, बरं वाटतं.